पाटी गेली दाराची : आमच्या पहिल्या सिंगलची घडण

पहिले गाणे सिंगल म्हणून काढायचे आणि ते मराठीत काढायचे, हे दोन्ही निर्णय आम्ही चौघांनी एकाच बैठकीत घेतले. पहिल्यावर कोणाचे दुमत नव्हते, कारण अख्ख्या अल्बमचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. दुसऱ्यावर मात्र रात्री उशिरापर्यंत वाद झाला. तोपर्यंत आम्ही पुण्यातल्या ओपन माइकना आणि लहान गिग्जना इंग्रजी गाणीच वाजवत होतो, त्यांतली बरीचशी दुसऱ्या बँडची होती, आणि आमचे श्रोतेही त्याच गाण्यांसाठी येत. वादाचा निकाल लागला तो आमच्या गायिकेच्या एका साध्या म्हणण्यावर. ती म्हणाली, "इंग्रजीत ओरडताना मला कोणाचं तरी ओरडणं आठवत असतं. मराठीत ओरडायला लागले, तर आठवायला कोणी नाही. जे येईल ते माझंच असेल."

आम्ही वाजवतो त्या इमो रॉकच्या, म्हणजे मनातले दुखणे उघडपणे ओरडून मांडणाऱ्या रॉकच्या, बाबतीत हे म्हणणे थेट मुद्द्याला हात घालणारे आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यास वॉशिंग्टन डी.सी.मधल्या हार्डकोर पंकच्या वर्तुळातल्या काही तरुणांनी त्याच वेगवान, कर्कश संगीतातून स्वतःच्या मनातले दुःख, पश्चात्ताप आणि ओढ गायला सुरुवात केली. राइट्स ऑफ स्प्रिंग हा त्यांतला सर्वांत ठळक बँड, आणि त्यांचा १९८५चा अल्बम हा सामान्यतः या प्रकाराचा आरंभ मानला जातो. पुढे १९९०च्या दशकात सिअ‍ॅटलच्या सनी डे रिअल इस्टेटने आणि इलिनॉयमधल्या लहान शहरांतल्या बँडनी हे संगीत मंदावत, उलगडत नेले, आणि २०००नंतर जिमी ईट वर्ल्ड, माय केमिकल रोमान्स यांच्यामुळे ते जगभर पोहोचले. आमच्या पिढीने ते शाळेत असताना याच शेवटच्या टप्प्यातून ऐकले; पण आम्हा चौघांना एकत्र आणले ते अमेरिकन फुटबॉल या बँडच्या १९९९च्या पहिल्या अल्बमने. त्यात गिटार जवळजवळ विणल्यासारखी वाजते, मध्येच ट्रम्पेट येतो, ताल सरळ चारांत बसत नाही, आणि गाणारा माणूस फारसा चांगला गायक नसूनही त्याच्यावर विश्वास बसतो. तो अल्बम आला तेव्हा बँड विखुरण्याच्या बेतात होता. लोकांनी तो वर्षानुवर्षे एकमेकांना ऐकवत जिवंत ठेवला आणि २०१४मध्ये बँड पुन्हा एकत्र आला.

गाण्याचा विषय शोधावा लागला नाही. आमच्या बेसवादकाचे घर कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत होते आणि ती सोसायटी पुनर्विकासाला गेली होती. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा क्रम समजावून सांगण्याची गरज नाही: सभा, सह्या, भाड्याची रक्कम, टेम्पो, आणि मग एकेका मजल्यावरचे दिवे बंद होत जाणे. त्याच घरातल्या आतल्या खोलीत आम्ही पहिल्यांदा एकत्र वाजवले होते. शेवटच्या आठवड्यात सामान उतरवायला गेलो असता त्याच्या वडिलांनी दारावरची नावाची पाटी काढून वर्तमानपत्रात गुंडाळली, आणि चार दशके तिथे असलेल्या खिळ्याचे भोक तेवढे मागे राहिले. घरी परतल्यावर मी लिहिलेली पहिली ओळ होती: "पाटी निघाली दाराची, खिळ्याचं भोक राहिलं." मराठीत काही सुचले की ते आपोआप अष्टाक्षरीत सुचते, ओव्या आणि अभंग ऐकत वाढलेल्या कानाला तो साचा शिकवावा लागत नाही, आणि आठ अक्षरे रॉकच्या चार ठोक्यांत बिनतक्रार बसतात. अडचण एवढीच होती की गिटारची चाल आधीच तयार होती आणि ती सात ठोक्यांत होती.

त्या चालीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण गाण्याचे पुढचे सगळे तिच्यातूनच निघाले. अमेरिकन फुटबॉलच्या गाण्यांमुळे प्रसिद्ध झालेले एक ट्यूनिंग आहे, ज्यात गिटारच्या तारा खालच्या जाड तारेपासून एफ, ए, सी, जी, सी, ई अशा लावतात. नेहमीच्या ट्यूनिंगपेक्षा जाड ई अर्ध्या स्वराने वर जाते, डी पूर्ण स्वराने खाली उतरते आणि बी अर्ध्या स्वराने वर चढून सी होते. बाकीच्या तीन तारा जागेवर राहतात. यामुळे नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी एक भरलेला, थोडासा अनिश्चित सूर उमटतो, आणि डाव्या हाताची दोन बोटे हलवून पूर्ण ओळ वाजवता येते. जाड तारेवर ताण वाढतो, चौथी सैल पडते, आणि पुण्याच्या पावसाळी हवेत गिटारची मान किंचित जरी हलली तरी हे ट्यूनिंग आधी बिघडते. म्हणून आम्ही एक गिटार कायम याच ट्यूनिंगमध्ये ठेवली आणि दुसऱ्या कोणत्याही गाण्याला ती वापरायची नाही असे ठरवले. माझ्या बोटांतून निघालेली चाल सात ठोक्यांची होती, दोन-दोन-तीन अशा गटांची.

आमचा ड्रमर लहानपणी तबला शिकलेला आहे. चाल ऐकताच तो म्हणाला की हा सात मात्रांचा रूपक तालच आहे, फक्त तू चौथ्या मात्रेपासून उचलतो आहेस. रूपकाचे गट तीन-दोन-दोन असतात आणि त्याची पहिली मात्राच खाली, म्हणजे बिनजोराची, असते. माझी चाल दोन-दोन-तीन होती, म्हणजे तिच्या शेवटच्या तिनाचा आरंभ रूपकाच्या खालीवर येत होता. त्याने लगेच त्या ठिकाणचा बास ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, काढून टाकला आणि तिथे फक्त हाय-हॅटची झांज ठेवली. आवर्तनाच्या मध्ये जमीन क्षणभर सरकावी तशी ती जागा ऐकू येऊ लागली. त्या क्षणापासून शब्दांनी या तालाला शरण जायचे हे नक्की झाले, आणि अष्टाक्षरीतून एक अक्षर काढावे लागले. "पाटी निघाली दाराची"चे "पाटी गेली दाराची" झाले: पाटी, गेली, दाराची; दोन, दोन, तीन. "दाराची"चा "दा" बरोबर त्या रिकाम्या जागेवर पडला.

दुसऱ्या ओळीने अधिक छळले. "भोक उरलं खिळ्याचं" ही ओळ लिहिताना सातांत बसत नाही, पण बोलताना बसते, कारण "उरलं"मधला "र" आपण पुढच्या अक्षराला चिकटवतो. प्रश्न "भोक"चा होता. ओवी किंवा भजन गाताना शेवटचा अकार सहज लांबवला जातो, "भोकऽ" असे म्हटले की दोन मात्रा भरतात. पण विजेच्या गिटारीवर तसे गायले की शब्द एकदम कीर्तनाच्या मंडपात गेल्यासारखा वाटे आणि गायिकेला ते मुळीच मान्य नव्हते. तिने शब्द बोलीतल्यासारखा तोडून म्हटला आणि पुढचा ठोका मोकळा सोडला. त्या मोकळ्या ठोक्यात गिटारची मोकळी सी ऐकू येते. मराठी गीतलेखनात अक्षरगण आणि मात्रा यांवर पुष्कळ विचार झालेला आहे, परंतु आज आपण जशी मराठी बोलतो तशी ती मोठ्या आवाजाच्या संगीतात गाताना अक्षरांचे काय होते, हे आम्हाला स्वतःच्या तोंडाने तपासून पाहावे लागले, आणि माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतले सर्वांत मोलाचे काम तेच होते.

शेवटच्या भागात मात्र आम्ही सात सोडून सरळ आठांवर आलो. तिथे चौघेही एकच ओळ पुन्हा पुन्हा ओरडतो: "किल्ली माझ्याकडे आहे." ही पूर्ण अष्टाक्षरी आहे. गाणेभर एक ठोका कमी असल्याची बेचैनी साचत जाते आणि इथे तो ठोका परत मिळतो. ऐकणाऱ्याला हे मोजता आले नाही तरी अंगात जाणवते, असा आमचा विश्वास आहे.

जॅमपॅडवर, म्हणजे आमच्या सरावाच्या खोलीत, गाणे उभे राहिल्यावर आम्ही सिंहगड रोडच्या बाजूचा एक लहान स्टुडिओ ठरवला. वेळ आषाढ-श्रावणाची होती आणि नदीपात्राच्या बाजूला ढोलपथकांचा सराव सुरू झाला होता. ढोल-ताशाबद्दल मला अतिशय प्रेम आहे, पण ढोलाचा खालचा नाद कोणतीही फोमची पट्टी अडवू शकत नाही. फोम खोलीतला प्रतिध्वनी शोषते, बाहेरून येणारा खर्ज अडवायला भिंतीला वजनच लागते. म्हणून स्टुडिओच्या मालकाने सुचवल्याप्रमाणे संध्याकाळी ड्रम रेकॉर्ड केले, कारण ड्रमच्या आवाजात बाहेरचे झाकले जाते, आणि गायन सगळे सकाळी उरकले.

ड्रमच्या आधी क्लिकवर, म्हणजे वाजवताना हेडफोनमध्ये ऐकू येणाऱ्या यंत्राच्या ठेक्यावर, चर्चा झाली. क्लिक लावली की पुढची सगळी कामे सोपी होतात, कापाकापी करता येते, गिटार वेगळ्या दिवशी वाजवता येते. न लावली तर गाणे श्वास घेते, पण चूक दुरुस्त करायला जागा उरत नाही. आम्ही जॅमपॅडमधले मोबाइलवरचे जुने रेकॉर्डिंग घेऊन बसलो आणि गाणे प्रत्यक्षात कुठे धावते, कुठे रेंगाळते हे मोजले; त्यावरून स्टुडिओतल्या अभियंत्याने क्लिकचाच नकाशा तयार केला, ज्यात कडव्यांत वेग किंचित कमी आहे आणि "किल्ली"च्या आधीच्या चार आवर्तनांत तो हळूहळू वाढतो. ड्रमला बास ड्रम, स्नेअरच्या वर आणि खाली, टॉम, वरून दोन आणि खोलीच्या कोपऱ्यात एक असे माइक होते. कोपऱ्यातला तो एकटा माइक शेवटच्या भागात फार उपयोगी पडला, कारण त्यात खोली ऐकू येते आणि चार माणसे एका बंद जागेत आहेत हे पटते.

गायनाच्या वेळी जे घडले ते मला सविस्तर नोंदवायचे आहे. आमची गायिका शास्त्रीय संगीत शिकलेली आहे, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिलेली आहे, आणि तिचा षड्ज, म्हणजे मूळ सा, हार्मोनियमच्या काळी चारचा. आमच्या गिटारच्या ट्यूनिंगमुळे गाण्याचा षड्ज पांढरी चार झाला, म्हणजे तिच्या सवयीपेक्षा तीन अर्धस्वर खाली. त्यामुळे कडव्यांत तिचा आवाज बोलण्याच्या पट्टीत उतरला, जे आम्हाला हवेच होते. तिने गायलेले पहिले कडवे ऐकताना मिक्सिंग करणाऱ्या अभियंत्याच्या पडद्यावर एक गोष्ट सातत्याने दिसली: तिचा गंधार, म्हणजे ग, प्रत्येक वेळी थोडा खाली लागत होता. सॉफ्टवेअर त्याला बेसूर ठरवत होते आणि एका क्लिकने वर ओढायला तयार होते. वास्तविक तानपुऱ्यावर घडलेला शुद्ध गंधार पियानो-गिटारच्या समान अंतरांच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने खालीच असतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर तानपुऱ्याचा गंधार साधारण ३८६वर येतो आणि गिटारचा ४००वर. ती बेसूर नव्हती, ती दुसऱ्या सुरात होती.

यावर दोन दिवस बोलणे चालले आणि सरसकट उत्तर निघाले नाही, याचे मला समाधान वाटते. जिथे फक्त बेसचा षड्ज आहे आणि गिटार थांबलेली आहे, तिथे तिचा गंधार जसाच्या तसा ठेवला. ती जागा आज गाण्यातली सर्वांत स्थिर जागा वाटते. जिथे गिटारची मोकळी ए तार, म्हणजे गिटारचा गंधार, तिच्याबरोबर वाजत राहते, तिथे दोन गंधार एकमेकांवर घासले जाऊन डोलता आवाज येत होता. त्या ओळी तिने हेडफोनमध्ये गिटार मोठी करून पुन्हा गायल्या. यंत्राने एकही सूर हलवला नाही. आणि "किल्ली माझ्याकडे आहे"च्या तिसऱ्या फेरीत तिचा आवाज वरच्या पंचमावर फाटतो, तो टेक, म्हणजे तेवढे ध्वनिमुद्रण, आम्ही सगळ्यांनी एकमताने निवडला. फाटलेला सूर निवडणे हा निष्काळजीपणा नाही. तिने त्यासाठी ओरडण्याची वेगळी तालीम केली होती, पोटातून श्वास देऊन घसा मोकळा ठेवायची, आणि त्या भागाचे टेक मोजकेच, मध्ये भरपूर विश्रांती देऊन घेतले होते. शास्त्रीय शिकलेल्या व्यक्तीला फाटू द्यायला जे धैर्य लागते ते मी त्या काचेपलीकडून पाहिले आहे.

मिक्सिंगमध्ये एकच मोठा प्रश्न होता, गायन किती वर ठेवायचे. या प्रकारातल्या अनेक जुन्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज गिटारच्या मागे दडलेला असतो आणि त्याची एक ओढ असते. पण आमचे शब्द मराठी होते, पहिल्यांदाच होते, आणि ते कळले नाहीत तर मराठीत गाण्याला अर्थ राहत नव्हता. ओरडलेल्या शब्दांची स्पष्टता आणि गिटारचा चावरेपणा दोन्ही साधारण दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असतात; तिथे गिटार थोडी खाली घेतली, आवाज फक्त किंचित वर केला. मास्टरिंगच्या, म्हणजे तयार गाण्यावरच्या शेवटच्या संस्काराच्या, वेळी आम्ही गाणे शक्य तितके मोठे करण्याचा आग्रह धरला नाही. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (हे आवाजाच्या मोठेपणाचे एकक) पातळीला सगळी गाणी आणते, त्यामुळे दाबून मोठे केलेले गाणे तिथे शेवटी खालीच उतरवले जाते. दाबल्याने फक्त शांत कडवे आणि शेवटचा कल्लोळ यांच्यातले अंतर नष्ट झाले असते, आणि आमचे सगळे गाणे त्या अंतरावर उभे आहे.

मुखपृष्ठासाठी त्या दाराचेच छायाचित्र होते, पाटी काढल्यानंतरचे. घराच्या छायाचित्राला या संगीतात एक पूर्वपीठिका आहे: अमेरिकन फुटबॉलच्या अल्बमवर अर्बाना गावातल्या एका साध्या घराचे छायाचित्र आहे, चाहते ते पाहायला दुरून जात असत, आणि २०२३मध्ये बँडने व त्यांच्या रेकॉर्ड कंपनीने आणखी काही जणांसह ते घर विकत घेऊन जपले. आमच्या बेसवादकाच्या इमारतीच्या जागी आज खोदलेला पाया आहे.

प्रकाशनाची कागदपत्रे मी केली. आपले गाणे म्हणजे कायद्याच्या दृष्टीने किमान तीन वेगळ्या गोष्टी असतात, शब्द, संगीतरचना आणि ध्वनिमुद्रण, हे प्रत्येक नव्या बँडने सिंगलच्या आधीच समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. आम्ही एका कागदावर लिहून सह्या केल्या: शब्द माझे, संगीत चौघांचे समान, ध्वनिमुद्रणाचा खर्च आणि मालकी चौघांची समान. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा असा पक्का केला की तो करारानेही सहजी सोडून देता येत नाही. तो वसूल होण्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे, म्हणजे आयपीआरएसचे, सभासदत्व घ्यावे लागते आणि रचना नोंदवावी लागते. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा त्याची ओळख पटवणारा, अक्षरे आणि आकडे मिळून बारा चिन्हांचा संकेतांक वितरकाकडून, म्हणजे गाणे ऑनलाइन सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीकडून, मिळाला. गाण्याचे नाव देवनागरीत ठेवायचे की रोमनमध्ये, यावर आम्ही देवनागरी निवडली, पण बँडचे नाव रोमनमध्ये ठेवले, कारण शोधणारे बहुतेक जण तसेच टाइप करतात. गाणे शुक्रवारी प्रकाशित केले, कारण २०१५पासून जगभर नवे संगीत शुक्रवारीच येते, आणि वितरकाकडे बरेच आधी दिले, कारण स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट ठरवणाऱ्या संपादकांपुढे ते ठेवायचे तर किमान सात दिवस आधी पाठवावे लागते.

कोणत्याही मोठ्या प्लेलिस्टमध्ये ते घेतले गेले नाही. ऐकणारे हळूहळू आले, आधी ओळखीचे, मग पुनर्विकासात घर गेलेले अनोळखी लोक, ज्यांतल्या काहींनी इमो हा शब्दही ऐकलेला नव्हता. स्पॉटिफायवर २०२४पासून वर्षभरात किमान एक हजार वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्यालाच ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळते. ती मर्यादा आम्ही ओलांडली, आणि आलेली रक्कम गिटारच्या तारांत गेली. गिग्जमध्ये आता शेवटची ओळ श्रोते आमच्याआधी म्हणतात, आणि आठांत असल्यामुळे कोणालाही ती मोजावी लागत नाही.

दुसऱ्या सिंगलची चाल पाचांत आहे आणि ड्रमरने तिला आधीच दहा मात्रांच्या झपतालाचा अर्धा भाग ठरवून टाकले आहे. या वेळी गायिकेने सुरुवातीलाच एक अट घातली आहे की कडव्यातल्या गिटारच्या कॉर्डमध्ये गंधार वाजवायचा नाही, तो तिच्याकडे राहील. मी त्यासाठी नवे ट्यूनिंग शोधतो आहे.